अनोळखी पार्ट ओळखायचा कसा? जगदीशचंद्र बोस यांच्या आयुष्यातून मिळालेला धडा

आज नवा फोन नाही, ॲप नाही, कुठलं अपडेटही नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. शाळेत आपण त्यांना 'वनस्पतींना संवेदना असतात' एवढ्या एका वाक्यात उरकतो. मला मात्र ते खऱ्या अर्थाने भेटले एका बिघडलेल्या रेडिओमुळे. तो बिघडवलाही मीच होता, म्हणून आधी तेवढं सांगतो.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हातात नवा सोल्डरिंग आयर्न आणि डोक्यात नवी हवा. आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ खरखर करायला लागला होता, तो मी उघडला. बोर्डावर काचेचा एक छोटा पार्ट दिसला. त्यावरची अक्षरं पुसून गेलेली, फक्त एका टोकाला पट्टी शिल्लक. तपासायला एक पाय उचलायला गेलो आणि पाय काचेपाशीच तुटला. काचेचा आहे, पट्टी आहे, म्हणजे डायोडच. माझ्या डबीत वन एन ४१४८ होता, तोही काचेचा आणि पट्टीवाला. तोच लावून टाकला. पुढे कळलं की खरखर आवाजाच्या बटणातल्या धुळीमुळे होती. ते साफ केलं, खरखर गेली. आजोबा खूश, मी त्याहून खूश.

काही महिन्यांनी सुट्टीत घरी गेलो तर आजोबा रेडिओ कानाला चिकटवून बसलेले. जवळचं स्टेशन फाटक्या आवाजात लागायचं, लांबची स्टेशनं जवळजवळ गायब. पण त्यांनी रेडिओबद्दल कुणाकडे तक्रार केली नव्हती. नातवाने दुरुस्त केलाय म्हणजे रेडिओ ठीकच असणार, कमी ऐकू येतंय ते आपल्याच कानांना, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कानाच्या डॉक्टरकडे कधी जायचं, याची घरात चर्चा चालू होती.

तो तुटलेला पार्ट काय होता हे शोधता शोधता मी १८९० च्या दशकातल्या कोलकात्यात जाऊन पोचलो.

मयमनसिंगचा मुलगा

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, मयमनसिंगचा. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्या काळी अशा घरातली मुलं थेट इंग्रजी शाळेत जायची. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. तिथे जगदीशच्या शेजारी कोळ्याचा मुलगा बसायचा आणि वडिलांच्या चपराशाचाही. मासे, पाखरं, झाडं यांच्या गोष्टी त्याने या मित्रांकडूनच ऐकल्या.

पुढे कोलकात्याच्या सेंट झेव्हियर्समध्ये फादर लाफाँ नावाचे शिक्षक भेटले. हे विज्ञान प्रयोग करून शिकवायचे. पदवीनंतर जगदीशचंद्र १८८० मध्ये डॉक्टर व्हायला लंडनला गेले, पण तापाने पिच्छा सोडला नाही आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट राहिलं. मग ते केंब्रिजला गेले. तिथे लॉर्ड रॅली यांच्यासारखे भौतिकशास्त्राचे शिक्षक मिळाले. १८८४ मध्ये केंब्रिजची पदवी आणि लंडनची बीएस्सी घेऊन ते परतले.

तीन वर्षं बिनपगारी

१८८५ मध्ये त्यांना कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राची नोकरी लागली. पण तिथे एक अट होती. त्याच कामासाठी युरोपियन प्राध्यापकाला जो पगार, त्यापेक्षा भारतीयाला बराच कमी. बोसांनी नोकरी सोडली नाही आणि तो कमी पगारही हातात घेतला नाही. ते रोज येत, वर्ग घेत आणि महिनाअखेरीला रिकाम्या हाताने घरी जात. हे तीन वर्षं चाललं. वडिलांवर कर्ज होतं, १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालेलं, म्हणजे पैशाची गरज नव्हती असं अजिबात नाही. शेवटी कॉलेजने नमतं घेतलं आणि मागच्या तारखेपासूनचा पूर्ण पगार चुकता केला.

संशोधनासाठी मिळालेली जागा किती? २४ चौरस फूट. आपल्याकडच्या साध्या बाथरूमएवढी. उपकरणं बनवायला शिकलेला तंत्रज्ञ नव्हता, तर पत्र्याचं काम करणारा एक स्थानिक कारागीर होता. बोस समजावून सांगायचे आणि तो बनवायचा.

दिवाळखोर सामान, झकास रेडिओ

१८९४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी पुढचं आयुष्य संशोधनाला द्यायचं ठरवलं. विषय होता हर्ट्झ यांनी शोधलेल्या विद्युतचुंबकीय लहरी. हर्ट्झ यांच्या लहरी बऱ्याच लांब होत्या, त्यामुळे लहान खोलीत त्यांचे प्रयोग करणं अवघड. बोसांनी उलटा विचार केला. खोली मोठी करता येत नाही ना, मग लहरच छोटी करू. त्यांनी २५ मिलिमीटरपासून थेट ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी तयार केल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर साधारण १२ ते ६० गिगाहर्ट्झ.

हा आकडा ओळखीचा वाटला का? भारतात २०२२ मध्ये ५जी साठी ज्या बँडचा लिलाव झाला, त्यात २६ गिगाहर्ट्झचा बँडही होता. त्याला मिलिमीटर वेव्ह म्हणतात. फोनचे रिव्ह्यू पाहताना हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्या लहरींवरचे सुरुवातीचे प्रयोग प्रेसिडेन्सी कॉलेजच्या त्या बाथरूमएवढ्या खोलीत झाले. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०१२ मध्ये या कामाला मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली.

सामान काय होतं ते बघा. गंधकाचे प्रिझम. पिळलेला ताग, जो एकाच दिशेने कंप पावणाऱ्या लहरी वेगळ्या काढायचा. रेल्वेचं जाडजूड टाइमटेबल, त्याच्या पानांमध्ये धातूचा वर्ख घातला की त्याचाही तसाच उपयोग व्हायचा. लहर गोळा करायला पत्र्याचं नरसाळं, म्हणजेच आजचा हॉर्न अँटेना.

१८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. लहर निघाली ती बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या शरीरातून आणि भिंतींमधून पार होऊन साधारण ७५ फुटांवर पोचली. तिथे तिने घंटा वाजवली आणि दारू उडवली. मधे तार एकही नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण सोशल मीडियावर यावरून दर सहा महिन्यांनी भांडण होतं. बोसांनी रेडिओचा शोध लावला आणि मार्कोनींनी चोरला, असं थेट म्हणणं बरोबर नाही. मार्कोनींचं लक्ष लांब अंतरावर संदेश पाठवणाऱ्या व्यवसायावर होतं. बोसांना लहरीचा स्वभाव समजून घ्यायचा होता. पण १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश पकडताना मार्कोनींनी जो पाऱ्याचा डिटेक्टर वापरला, त्याच जातीच्या डिटेक्टरचं वर्णन बोसांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं, हेही तितकंच खरं.

नाव नाही, वागणूक बघा

आता येतो माझ्या तुटलेल्या पार्टाचा मुद्दा.

लहर येऊन गेली हे कळायचं कसं? त्या काळी त्यासाठी कोहेरर वापरत. काचेच्या नळीत लोखंडाचा कीस. लहर आली की कीस एकमेकांना चिकटल्यासारखा होतो आणि वीज वाहू लागते. मग नळीला टिचकी मारून तो परत मोकळा करायचा. बंगालच्या दमट हवेत तर हा कीस गंजायचा आणि कधी कसा वागेल याचा नेम नसायचा.

बोसांनी किसाच्या जागी छोट्या स्प्रिंगा एका खाचेत रांगेने बसवल्या. स्क्रूने दाब कमीजास्त करता येई, विजेचा दाबही हवा तसा ठेवता येई. मग एकेक धातू घेऊन तपासायला लागले. बहुतेक धातूंचा विरोध लहर आली की कमी व्हायचा. पोटॅशियमचा मात्र वाढायचा! टिचकी न मारता आपोआप पूर्ववत होणारे जोडही त्यांना सापडले.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. व्होल्टेज थोडं थोडं वाढवत न्यायचं, प्रत्येक वेळी करंट मोजायचा आणि दोन्हींचा आलेख काढायचा. साध्या तारेचा आलेख सरळ रेषा येतो. या जोडांचा आलेख मात्र आधी जवळजवळ आडवा जायचा आणि एका ठिकाणी वळून वर चढायचा. लोखंडाच्या एका जोडासाठी हे वळण साधारण ०.४५ व्होल्टला यायचं. लहर पकडायला तो जोड त्या वळणावरच सगळ्यात तरबेज, हेही त्यांनी हेरलं.

डायोडचं डेटाशीट कधी उघडलंय? त्यात हाच आलेख असतो. फक्त सिलिकॉनचं वळण ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास असतं.

यानंतर बोस गॅलेना या खनिजाकडे वळले. शिशाचं चकचकीत खनिज, त्यावर टोकदार स्पर्श. गॅलेनात वीज एका दिशेने सोपी आणि दुसऱ्या दिशेने अवघड जाते, हे जर्मनीच्या ब्राउन यांनी १८७४ मध्येच पाहिलं होतं. बोसांनी त्याचा लहर पकडणारा डिटेक्टर बनवला. तो प्रकाशालाही प्रतिसाद द्यायचा, म्हणून बोस त्याच्याकडे कृत्रिम डोळा म्हणूनही बघत. पेटंट घेऊन पैसे कमवणं त्यांना पटत नव्हतं. उपकरण कसं चालतं हे ते व्याख्यानात उघड सांगून टाकायचे. शेवटी सारा बुल या अमेरिकन स्नेही बाईंनी पुढाकार घेतला आणि सप्टेंबर १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज गेला. २९ मार्च १९०४ ला पेटंट मिळालं. अर्धसंवाहकाचा उपयोग करणाऱ्या उपकरणांच्या अगदी पहिल्या पेटंटांपैकी ते एक. बोसांनी त्यातून काही कमावलं नाही, ते तसंच संपू दिलं.

हे वाचून मी कचऱ्याच्या डबीतला माझा तुटका पार्ट शोधून काढला आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितला. पारदर्शक काच, आत एक बारीक वाकडी तार आणि तिचं टोक एका इवल्याशा स्फटिकावर टेकलेलं. जर्मेनियम डायोड! बोसांच्या टोकदार स्पर्शाचाच नातू म्हणा. आपल्याकडच्या जुन्या रेडिओंमध्ये ओए ७९ नावाने हाच प्रकार असायचा. तो ०.२ ते ०.३ व्होल्टलाच वाहू लागतो. मी लावलेल्या सिलिकॉन डायोडला त्याच्या दुप्पट लागतं. लांबच्या स्टेशनचा सिग्नल एवढा अशक्त असतो की तो त्या उंबरठ्यापर्यंत पोचतच नव्हता. आजोबांच्या कानांचा यात काहीही दोष नव्हता.

तुमच्या टेबलावर हेच कसं करायचं?

अनोळखी पार्ट समोर आला की आता मी या क्रमाने जातो:

१. आधी वीज बंद. चार्जर किंवा ॲडॉप्टर असेल तर मोठा कपॅसिटर रिकामा झालाय का ते मीटरवर व्होल्टेज मोजून बघायचं. ही पायरी गाळायची नाही.

२. बोर्डावर छापलेलं अक्षर बघायचं. आर म्हणजे रेझिस्टर, सी म्हणजे कपॅसिटर, डी म्हणजे डायोड, क्यू म्हणजे ट्रान्झिस्टर, एल म्हणजे कॉइल, एफ म्हणजे फ्यूज. पार्टावरचं नाव पुसलं तरी बोर्डावरचं बऱ्याचदा टिकतं.

३. पार्टावरचा कोड वाचायचा. रेझिस्टरवर १०३ असेल तर १० आणि पुढे तीन शून्यं, म्हणजे १०,००० ओहम. छोट्या काळ्या डायोडवर एम७ असेल तर तो बहुधा वन एन ४००७ चा चपटा भाऊ. तीन पायांच्या पार्टावर जे३वाय असेल तर बहुधा एस ८०५० ट्रान्झिस्टर. बहुधा असं मुद्दाम म्हणतोय, कारण एकच कोड दोन कंपन्या दोन वेगळ्या पार्टांना देतात.

४. म्हणून वागणूक तपासायची. एक पाय बोर्डावरून मोकळा करायचा (माझ्यापेक्षा हळू!), नाहीतर शेजारचे पार्ट रीडिंग बिघडवतात. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवायचा. एका दिशेने ०.६ च्या आसपास आणि उलट दिशेने काहीच नाही, तर सिलिकॉन. ०.२ ते ०.३ आलं तर जर्मेनियम किंवा शॉटकी. दोन्ही दिशांना शून्याजवळ आलं तर पार्ट शॉर्ट झालाय, किंवा तो डायोड नसून कॉइल, फ्यूज नाहीतर शून्य ओहमचा जंपर आहे.

५. शेवटी विचारायचं, हा पार्ट इथे काय काम करतोय? रेडिओच्या डिटेक्टरमध्ये बसलाय की चार्जरमध्ये? जागा कळली की अर्धी ओळख पटते.

बोस कुठे अडकले?

पाचवी पायरी मी बोसांच्या यशातून नाही, त्यांच्या अडचणीतून शिकलो.

सतत वापरलेला डिटेक्टर थकतो आणि विश्रांती दिली की सावरतो, हे त्यांच्या लक्षात आलं. आलेख काढला तर तो प्राण्याच्या थकलेल्या स्नायूच्या आलेखासारखा दिसला. त्यांनी धातू, वनस्पती आणि स्नायू यांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत हे मांडलं, १९०२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. सजीव आणि निर्जीव यांच्यात पक्की सीमारेषा नाही, असं त्यांना वाटू लागलं. इंग्लंडमधल्या शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. वनस्पतींमध्ये विजेचे संदेश धावतात, हा त्यांचा मुद्दा पुढे टिकला. धातूला मात्र जिवंत वस्तूसारखं मानणं विज्ञानाने स्वीकारलं नाही.

म्हणजे काय, तर दोन आलेख सारखे दिसले म्हणून दोन वस्तू एकच ठरत नाहीत. आपल्याच मीटरवर बघा. जर्मेनियम आणि शॉटकी दोन्ही ०.२५ दाखवू शकतात. ओळख पटवायला एक मोजमाप पुरत नाही, जागा आणि काम दोन्ही बघावं लागतं. मी तर एकही मोजमाप घेतलं नव्हतं, नुसत्या काचेवरून निकाल दिला होता.

विरोध झाला म्हणून बोस थांबले नाहीत. वनस्पतीची वाढ १०,००० पटीने मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला. ज्या माणसाला कॉलेजात धड प्रयोगशाळा मिळाली नव्हती, त्याने ३० नोव्हेंबर १९१७ ला, आपल्या वाढदिवशी, कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उभी केली. १९२० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं. एकोणऐंशीवा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता.

आणि रेडिओ?

जर्मेनियम डायोड सहजासहजी मिळेना. पुण्याच्या तपकीर गल्लीत चार दुकानं फिरलो. शेवटी एका जुन्या दुरुस्तीवाल्याने खोक्यातून तीन काढून दिले. तिन्ही मीटरवर तपासले. एक मेलेला निघाला, दोन चांगले. त्यातला एक लावला.

रात्री आजोबांच्या हातात रेडिओ दिला आणि त्यांचे कान ठणठणीत आहेत, चूक माझी होती, हे सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. काटा फिरवत लांबचं एक स्टेशन लावलं, आवाज नीट आल्यावर थोडा कमी केला आणि रेडिओ कानाला न लावता समोरच्या स्टुलावर ठेवला.

दुसरा डायोड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पाकिटावर नाव, मीटरचं रीडिंग आणि तारीख लिहून ठेवली आहे. तुमच्या डबीतही अक्षरं पुसलेले पार्ट पडले असतील. आज रात्री एक काढा, मोजा आणि पाकिटावर लिहून ठेवा.